गुप्तरोग, लाज आणि प्राथमिक आरोग्य केंद्र

(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)

 

आरोग्य या विषयावर बोलावे, असा आदेश कार्यकारिणीने मला दिला, तेव्हा मधुमेह किंवा रक्तदाब यांपैकी एखादा विषय मी घेईन अशी त्यांची अपेक्षा असावी. ते विषय महत्त्वाचे आहेत, आणि त्यांवर बोलणारे पुष्कळ आहेत. मी आज अशा रोगांविषयी बोलणार आहे, की ज्यांचे नाव आपण घरात काढत नाही, डॉक्टरांपुढेही काढत नाही, आणि डॉक्टरही ते आपल्यापुढे काढत नाहीत. आपल्याकडे त्यांना गुप्तरोग म्हणतात. खेड्यात गरमी, परमा, बद अशी नावे आहेत; वैद्यकशास्त्र त्यांना लैंगिक संबंधातून पसरणारे संसर्ग म्हणते. समोर मुले-मुली बसली आहेत याची मला जाणीव आहे, आणि त्यांच्यासाठीच हा विषय मी घेतला आहे. कुणास संकोच वाटला, तर तो क्षणभर बाजूला ठेवावा, अशी विनंती करते.

प्रथम माझी स्वतःची एक चूक आपल्यापुढे सांगते. १९९६ सालची गोष्ट. वैद्यकीय शिक्षण पूर्ण करून मी मराठवाड्यातील एका प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकारी म्हणून रुजू झाले होते. एके दिवशी आमच्या बौद्धवाड्यातील एक स्त्री तपासणीसाठी आली. वय तेवीस-चोवीस. पाचवा महिना होता. यापूर्वी दोन वेळा दिवस भरत आले असता मूल पोटातच दगावले होते. बाह्यरुग्ण विभाग म्हणजे एक खोली, तीत एक टेबल, दाराशी शिपाई, कोपऱ्यात औषध देणारा गृहस्थ, आणि माझ्या खुर्चीभोवती आठ-दहा माणसे. ती पुढे आली आणि खाली मान घालून म्हणाली, "बाई, कंबर लई दुखती. अंगावरून जातंय." एवढेच बोलली. अजून काही बोलायचे आहे हे तिच्या उभे राहण्यावरून दिसत होते. मी तिला लोहाच्या गोळ्या दिल्या, टॉनिक लिहून दिले आणि पुढच्या माणसाला बोलावले. गरोदर मातांच्या नोंदवहीत गरमीच्या रक्ततपासणीचा एक रकाना होता. त्या रकान्यात मी आडवी रेघ मारली.

का मारली, हा प्रश्न मी स्वतःला अनेक वर्षे विचारीत आले आहे. गर्दी होती, खरे. पडदा नव्हता, तेही खरे. पण मुख्य कारण निराळे होते. ती आपल्या समाजातली, कष्टाळू, पाच घरची चांगली म्हणून ओळखली जाणारी स्त्री. अशा बाईला असला रोग कसा असेल, आणि चारचौघांत तिला तसे विचारणे म्हणजे तिचा अपमान, असे मला वाटले. म्हणजे रोगाला मी चारित्र्याचा दाखला मानले. पाच वर्षे वैद्यकशास्त्र शिकूनही मानले.

आठव्या महिन्यात तिचे तिसरे मूल पोटात गेले. तिला जिल्ह्याच्या ठिकाणी नेले, तेथे रक्त तपासले आणि गरमीचे निदान झाले. नवरा कामासाठी भिवंडीला जात असे. लग्नाआधी त्याला जखम झाली होती. ती आपोआप भरून आली, म्हणून तो बरा झाल्याचे समजत होता. तोवर सासरी तिला पांढऱ्या पायाची ठरवून झाले होते आणि दुसऱ्या लग्नाची बोलणी चालू होती. मी तिला भेटायला गेले, तेव्हा ती मला रागाने काही बोलली नाही. ती म्हणाली, "तुमी आपल्यातल्याच, म्हून तुमच्याकडं आले व्हते, बाई."

पेनिसिलिनच्या कुप्या त्या दिवशीही आमच्या केंद्राच्या कपाटात होत्या.

पुढे नवरा-बायको दोघांना इंजेक्शने दिली. दर आठवड्याला एक याप्रमाणे तीन. दोन वर्षांनी त्यांना मुलगी झाली, ती सुदृढ होती. पेढे घेऊन ती मला भेटायला आली. ते पेढे मला गोड लागले नाहीत.

बंधुभगिनींनो, आता या रोगाचे शास्त्र थोडक्यात पाहू. गरमी म्हणजे उपदंश. पहिल्या टप्प्यात एक जखम होते, ती बहुधा दुखत नाही. काही आठवड्यांत ती औषधाविना भरून येते, आणि रोग शरीरात दडून राहतो. आईकडून तो गर्भाकडे जातो. गरोदरपणी या रोगावर उपचार झाले नाहीत, तर निम्म्याहून अधिक गर्भधारणांचा शेवट वाईट होतो: मूल पोटात दगावते, अपुऱ्या दिवसांचे जन्मते, किंवा रोग घेऊन जन्माला येते. या रोगावर १९४३ साली पेनिसिलिन प्रथम वापरले गेले. ऐंशी वर्षे उलटून गेली, तरी पेनिसिलिनला न जुमानण्याची शक्ती या जंतूला आलेली नाही. असा साधा, स्वस्त आणि खात्रीचा इलाज वैद्यकशास्त्रात फार थोड्या रोगांना लाभला आहे. बोटातून रक्ताचा एक थेंब घेऊन काही मिनिटांत निदान करणारी पट्टीही आता उपलब्ध आहे.

परमा आणि क्लॅमिडिया हे दुसरे दोन संसर्ग. पुरुषाला परमा झाला, तर लघवीला जळजळ होते, पू येतो, आणि तो कुठे ना कुठे औषध शोधतो. स्त्रीला मात्र पुष्कळदा काहीच जाणवत नाही. रोग आतल्या आत गर्भाशयाकडे व गर्भनलिकांकडे सरकतो, नलिका बंद होतात, आणि काही वर्षांनी ती वांझ ठरते. रोग बहुधा नवऱ्याकडून आलेला असतो, दोष तिच्या माथी येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० या एका वर्षात उपदंश, परमा, क्लॅमिडिया आणि ट्रायकोमोनास या चार बऱ्या होणाऱ्या रोगांचे ३७ कोटी ४० लाख नवे संसर्ग जगात झाले. "बऱ्या होणाऱ्या" या शब्दांकडे मी आपले लक्ष वेधते.

मग हे रोग टिकतात कसे? याचे उत्तर शोधण्यासाठी थोडे इतिहासात जावे लागेल, आणि तो इतिहास आपण आज राहतो त्या इंग्लंड देशाशी आणि बाबासाहेबांच्या जीवनाशी जोडलेला आहे.

इंग्रज सरकारने १८६८ साली हिंदुस्थानात सांसर्गिक रोगांचा कायदा केला. त्याचा हेतू गोऱ्या सैनिकांना वाचवणे हा होता. त्यासाठी वेश्याव्यवसायातील स्त्रियांची सक्तीने नोंदणी, सक्तीने तपासणी आणि रोग आढळल्यास बंदिस्त इस्पितळात रवानगी होत असे. तपासणी सैनिकाची नव्हे, स्त्रीची. इंग्लंडमध्येही असेच कायदे होते, त्यांविरुद्ध तेथील स्त्रियांनी मोठी चळवळ केली आणि १८८६ साली ते रद्द झाले. हिंदुस्थानातील कायदा १८८८ साली गेला. रुग्णाला गुन्हेगार समजण्याची दृष्टी मात्र दवाखान्यांत मागे राहिली.

पुढे १९१३ साली ब्रिटिश सरकारने या रोगांसाठी एक शाही आयोग नेमला. त्याचे अध्यक्ष होते लॉर्ड सिडनहॅम. हे गृहस्थ १९०७ ते १९१३ या काळात मुंबईचे गव्हर्नर होते. त्यांच्याच नावाच्या मुंबईतील सिडनहॅम कॉलेजात १९१८ ते १९२० या काळात बाबासाहेबांनी प्राध्यापक म्हणून काम केले. आयोगाचा अहवाल १९१६ साली आला. त्याच वर्षी बाबासाहेब उच्च शिक्षणासाठी न्यूयॉर्कहून लंडनला आले. अहवालानंतर लगेच येथे नियम झाले: तपासणी मोफत, औषध मोफत, आणि रुग्णाचे नाव पूर्णपणे गुप्त. खर्चाचा तीन चतुर्थांश भाग सरकारने उचलला. १९१७ च्या कायद्याने भोंदू वैद्यांचे उपचार आणि त्यांच्या जाहिराती यांना बंदी झाली. सक्तीच्या कायद्यांनी रोग लपवायला शिकवले होते. मोफत आणि गुप्त उपचारांमुळे माणसे आपण होऊन दवाखान्यात येऊ लागली. या देशाने शिकलेला हा धडा आहे.

त्याच गव्हर्नरांच्या मुंबईत मात्र हा विषय उघडपणे मांडणाऱ्यांना न्यायालयात उभे राहावे लागले. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ साली 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू केले. लैंगिक आरोग्याविषयी वाचक प्रश्न विचारीत आणि कर्वे त्यांची शास्त्रीय उत्तरे देत. त्या उत्तरांवरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. १९३४ साली त्या खटल्यात कर्व्यांचे वकीलपत्र घेतले ते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. लैंगिक विषयावर लिहिले म्हणजे ते आपोआप अश्लील ठरत नाही, अशी त्यांची भूमिका होती. खटला हरला, कर्व्यांना दंड झाला. पण पुढे १९३८ साली मुंबईच्या विधिमंडळात संततिनियमनाचा प्रस्ताव आला, त्यामागेही बाबासाहेबच होते. त्यांनी तयार केलेले भाषण त्यांचे सहकारी पी. जे. रोहम यांनी सभागृहात वाचले. तेव्हा हा विषय आपल्या चळवळीला परका आहे असे कुणी म्हणू नये. आपल्या मुक्तिदात्याने हा विषय कोर्टातही नेला आणि विधिमंडळातही.

आता आजच्या प्राथमिक आरोग्य केंद्राकडे येऊ. सपाट प्रदेशात तीस हजार आणि डोंगराळ व आदिवासी भागात वीस हजार लोकसंख्येमागे एक केंद्र, त्याखाली उपकेंद्रे, असा सरकारी निकष आहे. गुप्तरोगांसाठी २००७ साली राष्ट्रीय मार्गदर्शक सूचना निघाल्या. प्रयोगशाळा नसेल तेथे लक्षणांवरून औषध द्यायचे, अशी ती पद्धत. त्यासाठी सात रंगांचे औषधसंच ठरवून दिले: लघवीच्या जागी पू येत असेल तर करडा, जखम असेल तर पांढरा, स्त्रीच्या ओटीपोटात दुखत असेल तर पिवळा, याप्रमाणे. जिल्हा रुग्णालयांत 'सुरक्षा क्लिनिक' या नावाने स्वतंत्र विभाग निघाले. कागदावरची योजना वाईट नाही, हे मी प्रांजळपणे सांगते. उणिवा आहेत त्या कागद आणि रुग्ण यांच्या मधल्या अंतरात.

पहिली उणीव प्रश्नाची. लक्षणांवर आधारलेली पद्धत लक्षण सांगितल्यावर सुरू होते. आमच्या बायका "अंगावरून जातंय" म्हणतात, "कंबर दुखती" म्हणतात, आणि थांबतात. पुढचा प्रश्न डॉक्टरने विचारायचा असतो. तो विचारला जात नाही. मी विचारला नव्हता.

दुसरी उणीव जागेची. तपासणीचे टेबल, प्रकाशाचा दिवा, पडदा, आतून कडी लागणारे दार, हात धुवायला पाणी आणि स्त्री-कर्मचारी, एवढ्या गोष्टी लागतात. त्यांपैकी एक जरी नसली, तरी तपासणी होत नाही. आता पुष्कळ केंद्रांच्या फलकावर 'आयुष्मान आरोग्य मंदिर' असे नवे नाव आले आहे. नाव कोणतेही असो. आतल्या खोलीला कडी आहे काय, हा माझा प्रश्न आहे.

तिसरी उणीव निदानाची. अंगावरून पांढरे जाणे हे लक्षण पुष्कळदा अशा विकारांचे असते, की जे लैंगिक संबंधातून येतच नाहीत. तेथे घाईने गुप्तरोग ठरवला, तर घरात संशयाचा विस्तव पडतो. उलट क्लॅमिडिया आणि परमा लक्षणांविना दडून बसतात, त्यांना ही पद्धत पकडू शकत नाही. म्हणून खालच्या पातळीवर साध्या तपासण्या हव्यात, आणि प्रत्येक गरोदर स्त्रीची गरमीची तपासणी पहिल्याच भेटीत हवी. नोंदवहीतील त्या रकान्यात आडवी रेघ मारण्याचा अधिकार कुणालाही नाही.

चौथी उणीव औषधाची. पेनिसिलिनच्या इंजेक्शनाने क्वचित जिवावर बेतणारी प्रतिक्रिया येते. या भीतीने अनेक ठिकाणी डॉक्टर ते देणे टाळतात आणि रुग्णाला तालुक्याला पाठवतात. तालुक्याला जायचे म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडते. रुग्ण जात नाही. तो औषधाच्या दुकानात जाऊन दोन गोळ्या घेतो, किंवा भिंतीवरची जाहिरात वाचून भोंदूच्या खोलीत शिरतो. अशा जाहिरातींना भारतात १९५४ च्या कायद्याने बंदी आहे, तरीही स्थानकांच्या भिंती रंगलेल्या आपण सर्वांनी पाहिल्या आहेत. अर्धवट औषधाने परम्याचा जंतू अधिक निर्ढावतो. पूर्वी ज्या गोळ्यांनी तो बरा होई, त्यांतल्या कित्येक आज निरुपयोगी ठरल्या आहेत.

पाचवी उणीव जोडीदाराची. बायकोला औषध दिले आणि नवऱ्याला दिले नाही, तर महिन्याभरात रोग परत येतो. नवरा भिवंडीला, सुरतेला किंवा ऊसतोडीला गेलेला असतो. त्याला शोधून, न दुखावता, औषध पोचवणारे माणूस केंद्रात नाही.

सहावी उणीव जातीची, आणि ती आपल्याला कुणी समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. माझ्या काळात गावातील लसीकरण आणि गरोदर मातांची तपासणी वरच्या आळीत होई. आमच्या वाड्यातील बाया लेकरांना सुई टोचून घेण्यासाठी तेवढ्या येत, आणि अंगणाच्या कडेला उभ्या राहत. ज्या ओसरीवर बसायचीही मुभा नाही, त्या ओसरीवर कोणती स्त्री आपले गुप्त दुखणे सांगेल?

या उणिवांची किंमत किती, ते दोन पाहण्यांतून दिसते. गडचिरोली जिल्ह्यातील दोन खेड्यांत डॉ. राणी बंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी ६५० स्त्रियांची तपासणी केली. ती पाहणी १९८९ साली लंडनच्या 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. ९२ टक्के स्त्रियांत स्त्रीरोग किंवा लैंगिक रोग आढळले, दर स्त्रीमागे सरासरी ३.६ विकार. त्यांतील सुमारे निम्मे विकार जननमार्गाच्या संसर्गाचे होते. आणि यापूर्वी कधी तरी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया केवळ ८ टक्के. तोवर खेड्यातील स्त्रीचे आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया, एवढीच सरकारची समजूत होती. या पाहणीने जगाचे लक्ष वेधले. १९९७ साली भारत सरकारने प्रजनन व बाल आरोग्य कार्यक्रम सुरू केला, त्यात या संसर्गांचा समावेश झाला.

दुसरी पाहणी बीडची. २०१९ साली महाराष्ट्र शासनाने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड कामगार स्त्रियांची माहिती घेतली, तेव्हा त्यांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. यामागे कारणे अनेक आहेत: उचल, मुकादमाचा दंड, फडावर शौचालय व पाणी नसणे, लहान वयातील लग्ने. पण डॉक्टर म्हणून मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. अंगावरून जाते, ओटीपोट दुखते, म्हणून यांतील कित्येक जणी कुठल्या तरी दवाखान्यात गेल्या असतील. ज्या तक्रारीला पडदा, तपासणी आणि काही दिवसांच्या गोळ्या पुरल्या असत्या, तिचा शेवट शस्त्रक्रियेच्या टेबलावर झाला. खासगी दवाखान्यात कर्करोगाची भीती घातली गेली आणि कर्ज काढून पिशवी काढली गेली. सरकारी केंद्राने जो प्रश्न विचारला नाही, त्याचे उत्तर बाजाराने आपल्या सोयीने दिले.

यावर उपाय नाहीत काय? आहेत, आणि ते आपल्याच महाराष्ट्रात झाले आहेत. सांगलीत १९९२ पासून 'संग्राम' ही संस्था वेश्याव्यवसायातील स्त्रियांबरोबर काम करू लागली, आणि पुढे त्या स्त्रियांनी 'वेश्या अन्याय मुक्ती परिषद' ही स्वतःची संघटना उभी केली. निरोध वाटणे, दवाखान्यात सोबत जाणे, डॉक्टरांशी बोलणे ही कामे त्या स्वतः करू लागल्या. ज्यांना १८६८ च्या कायद्याने पकडून तपासले असते, त्या स्त्रिया स्वतःच आरोग्य कार्यकर्त्या झाल्या. रोग आटोक्यात ठेवायचा, तर रुग्णाला मान द्यावा लागतो, हा या अनुभवाचा अर्थ आहे. बाबासाहेबांनी आपल्याला स्वाभिमान शिकवला तो सभेपुरता नव्हे. दवाखान्यातही तो चालतो, आणि तेथे तो औषधासारखा काम करतो.

आता आपल्याकडे वळते. आपण दरवर्षी गावाकडे देणगी पाठवतो. विहार बांधतो, पुतळा उभारतो, एक दिवसाचे आरोग्य शिबिर भरवतो. त्या शिबिरात चष्मे वाटले जातात, साखर तपासली जाते, फोटो निघतो. या कामांचा मी अनादर करीत नाही. पण माझी सूचना अशी, की यंदा आपल्यापैकी प्रत्येक गावच्या मंडळीने आपल्या गावच्या आरोग्य केंद्राला एक पत्र लिहावे आणि चार गोष्टी विचाराव्यात. स्त्रियांच्या तपासणीसाठी आतून बंद होणारी खोली आहे काय? गरोदर स्त्रियांची गरमीची तपासणी होते काय? पेनिसिलिन केंद्रातच दिले जाते काय? आमच्या वस्तीत आरोग्यसेविका घराच्या आत येऊन बसते काय? प्रत्येक केंद्राला रुग्ण कल्याण समिती असते. तिच्यामार्फत पडदा, टेबल, दिवा, कडी यांची तरतूद होऊ शकते. हा खर्च आपल्या एका मेळाव्याच्या मंडपापेक्षा अधिक नाही. आणि वस्तीतील महिला मंडळाच्या दोन-चार सुशिक्षित मुलींना या विषयाचे शिक्षण मिळाले, तर संकोच करणाऱ्या बाईला डॉक्टरांपर्यंत सोबत मिळेल.

दुसरी सूचना आपल्या येथील घरांसाठी. हा रोग खेड्यातच आहे असे समजू नका. २०२३ साली एकट्या इंग्लंडमध्ये परम्याची ८५,२२३ निदाने झाली. १९१८ पासून नोंदी ठेवल्या जातात, तेव्हापासूनचा तो उच्चांक होता. फरक इतकाच, की येथे तपासायची सोय आहे. लैंगिक आरोग्याच्या सरकारी दवाखान्यात तपासणी आणि उपचार मोफत आहेत. व्हिसा कोणता आहे यावर ते अवलंबून नाहीत, आणि आपली माहिती घरी कळवली जात नाही. नव्याने आलेल्या विद्यार्थ्यांना आणि नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या सुनांना हे कुणी तरी सांगायला हवे, ते आपण सांगू या.

आपल्या घरात गर्भाशयमुखाच्या तपासणीचे पत्र येते, २५ ते ६४ वयाच्या स्त्रियांना. ते पत्र खणात पडून राहते, हे मला ठाऊक आहे, कारण त्या स्त्रिया पुढे माझ्याकडे येतात. बारा-तेरा वर्षांच्या मुलामुलींसाठी शाळेतून एच.पी.व्ही. लसीचा संमतीचा कागद येतो. "आमच्या मुलीला याची काय गरज" म्हणून तो सहीविना परत जातो. ज्या विषाणूमुळे गर्भाशयमुखाचा कर्करोग होतो, त्या विषाणूविरुद्धची ही लस आहे. ती वेळेवर घेतली, तरच तिचा पुरेपूर उपयोग. "आमच्या मुलीला काय गरज" हे वाक्य आणि १९९६ साली मी मारलेली ती आडवी रेघ, या दोन्ही एकाच समजुतीतून आल्या आहेत. आणखी एक विनंती. आईला इंग्रजी येत नाही, म्हणून सोळा वर्षांच्या मुलीला दुभाषी करून डॉक्टरांकडे नेऊ नका. आई मुलीदेखत खरे सांगणार नाही. दवाखान्याकडे दुभाषा मागा, तो विनामूल्य मिळतो.

विनयपिटकातील महावग्गात एक प्रसंग आहे, तो आपण जाणता. एक भिक्खू अतिसाराने आजारी होऊन स्वतःच्याच मलमूत्रात पडला होता. इतर भिक्खू त्याच्याकडे फिरकत नव्हते. तथागत आनंदासह तेथे आले, आनंदाने पाणी आणले, आणि तथागतांनी आनंदासह त्याला धुतले, उचलून बिछान्यावर निजवले. मग त्यांनी संघाला बोलावून समजावले, की माझी सेवा करण्याची ज्याला इच्छा असेल, त्याने रुग्णाची सेवा करावी. तथागतांनी त्या भिक्खूला प्रथम हे विचारले, की तुला काय होते आहे. मग विचारले, की तुझी शुश्रूषा करायला कुणी आहे काय. हा रोग तुला कसा जडला, तू कसा वागलास, असे त्यांनी विचारले नाही.

मला त्या दिवशी हाच प्रश्न विचारायचा होता. दारापाशी जाऊन, शिपायाला बाहेर उभे करून, शेजारी बसवून: बाई, तुला काय होतंय, ते नीट सांग. त्याला दोन मिनिटे लागली असती. ती दोन मिनिटे मी दिली नाहीत, आणि त्याची किंमत एका लेकराने दिली. गेली पंचवीस-तीस वर्षे माझ्यासमोर येणाऱ्या प्रत्येक रुग्णाला मी तो प्रश्न विचारीत आले आहे. पण जे दार मी उघडे ठेवले होते, तशी दारे गावोगाव अजून आहेत. ती बंद करायला एक कडी लागते, आणि आत बसून ऐकायला एक माणूस.

अस्पृश्यता म्हणजे माणसाला दूर उभे करणे. लाज हेच काम माणसाच्या स्वतःच्या मनात शिरून करते. पहिलीविरुद्ध आपण लढलो. दुसरीविरुद्ध लढायला आपल्या घरापासून आणि आपल्या गावच्या दवाखान्यापासून प्रारंभ करू या, एवढेच सांगून मी आपली रजा घेते. 

नमो बुद्धाय! जय भीम!